आसाला पाच टन : येडशीच्या घाटातलं एक स्मारक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या येडशी गावातल्या मुलांना आयुष्यभर गणित शिकवलं. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम गणिताचा घेतला आहे. ते गणित कागदावर राहिलं नाही, तुमच्या रामलिंगच्या घाटात दगड, चुना आणि पोलाद होऊन उतरलं. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यानं माणसं वाहिली, कापूस आणि करडई वाहिली, पंढरीचे वारकरी वाहिले. बार्शी लाईट रेल्वेबद्दल मी बोलतो आहे. येडशीहून रामलिंगकडे आणि तिथून घाटाखाली पांगरीकडे उतरणारी तिची जुनी वाट हे अभियांत्रिकीचं स्मारक आहे, ते स्मारक म्हणूनच जपलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

स्मारक म्हटलं की आपल्याला चौथरा लागतो, पुतळा लागतो, निदान कोनशिला तरी लागतेच. या वाटेवर यातलं काहीच नाही. आहे तो भराव, आहे ती कातळात केलेली खोदाई आणि ओढ्यांवरच्या मोऱ्या. घाणेरी आणि बाभळी माजल्या आहेत. रामलिंगच्या दर्शनाला श्रावणात हजारो लोक येतात, जटायूच्या समाधीला हात जोडतात, धबधब्याखाली भिजतात आणि या भरावाकडे पाठ करून परत जातात. त्यांना दोष देता येणार नाही. इथे काय आहे हे सांगणारी एक पाटीसुद्धा नाही.

सुरुवात मात्र इथून नाही, बार्शीहून करावी लागेल. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जीआयपी, रेल्वे 1860 साली सोलापूरला पोचली. मुंबईहून आलेली ही मोठी लाईन बार्शीला वळसा घालून गेली. बार्शी म्हणजे त्या काळची कापसाची जंगी पेठ. बालाघाटावरचा सगळा माल, तुमच्या येडशी-ढोकी-तेर-लातूर भागातला, बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीला यायचा आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांनीच स्टेशन गाठायचा. त्या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. आजचं कुर्डुवाडी ते हेच. मधलं अंतर सुमारे 35 किलोमीटर. काळी माती, पावसाळ्यात गाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. या 35 किलोमीटरसाठी मोठी लाईन टाकणं कुणाला परवडत नव्हतं, आणि लाईन नसल्यामुळे पेठ अडून राहत होती.

अशा वेळी एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा माणूस इथे आला. जन्म 1857 चा, इंग्लंडातला. आगगाडीची इंजिनं बांधणाऱ्या कारखान्यांत शिकून तयार झालेला. 1882 साली तो जीआयपी रेल्वेत इंजिन विभागाचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. नोकरीत असतानाच त्याच्या मनानं घेतलं की मोठ्या लाईनला गावोगावच्या लहान लाईनींनी माल आणून दिला पाहिजे, आणि अशा लाईनी स्वस्तात बांधता येतात. त्यासाठी त्यानं आपली नोकरी, पैसा आणि उमेदीची वर्षं घातली. 1895 साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी लंडनमध्ये उभी राहिली आणि 1897 च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

कंपनी लंडनची होती, नफा लंडनला जायचा, आणि लाईन टाकण्यामागे इथला कापूस मुंबईच्या बंदराकडे झटपट पोचावा हा हिशेब होताच. हे मी झाकून ठेवणार नाही. पण हिशेब कुणाचा होता एवढ्यावर त्या कामाची किंमत ठरवली तर कातळ फोडणाऱ्या हातांवरही अन्याय होतो आणि त्या बुद्धीवरही.

आता गणिताकडे येतो.

त्या काळी अरुंद रुळांच्या लाईनी जगभर होत्या, पण बहुतेक कच्च्या. मोठ्या गाडीची लहान नक्कल करायची, इंजिन हलकं करायचं, डबे आखूड करायचे, म्हणजे झाली लहान रेल्वे, असा समज होता. अशा गाडीला माल ओढवत नसे आणि खर्च निघत नसे. कॅलथ्रॉपनं प्रश्न उलट बाजूनं धरला. रुळाला एकूण वजन सोसावं लागत नाही. त्याला सोसावं लागतं ते एका वेळी एका ठिकाणी टेकणारं वजन, म्हणजे चाकांच्या एका जोडीचं, एका आसाचं वजन. धान्याची जड गोणी एकट्यानं उचलली तर पाठ मोडते, चौघांनी चार टोकं धरली तर तीच गोणी हसतखेळत पलीकडे जाते, तसं हे आहे. त्यानं एक आकडा ठरवला: आसाला पाच टन. इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. शिवाय इंजिनाचा आणि भरलेल्या डब्याचा आसामागचा भार जवळजवळ सारखा हवा. इंजिन जड म्हणून त्याच्यापुरता भारी रूळ टाकायचा आणि मग त्याच रुळावरून हलके डबे न्यायचे, यात त्याला पोलादाची नासाडी दिसत होती.

हा एक आकडा धरल्यावर बाकी सगळं त्यातून निघत गेलं. रूळ यार्डाला 30 पौंडांचा पुरला. आजच्या मापात मीटरला जेमतेम 15 किलो. आज तुमच्या येडशी स्टेशनातून जाणारा मोठ्या लाईनचा रूळ मीटरला 60 किलोपर्यंतचा असतो, म्हणजे चौपट. रूळ हलका म्हणून स्लीपर हलके, भराव अरुंद, पूल लहान. मालाच्या डब्याला चार आस, म्हणजे डबा आणि माल मिळून 20 टन. आणि इंजिन? त्याला त्यानं सहा आस दिले. रूळ पकडून ओढणाऱ्या चार जोड्या, मागे भार पेलणाऱ्या दोन. सहा पंचे तीस. जवळजवळ 30 टनांचं इंजिन चार बोटं उंचीच्या रुळावरून धावू लागलं. लीड्सच्या किटसन कंपनीनं अशी पाच इंजिनं बांधली. डब्यांचे सांगाडे लीड्स फोर्ज या कारखान्यानं पोलादी पत्रे दाबून घडवले. मालडबा 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. खालच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट. अडीच फुटांवर सात फुटांचा डबा उभा करायचा आणि तो वळणावर कलंडू द्यायचा नाही, हे त्या काळच्या अनुभवी इंजिनिअरांनाही धाडस वाटत होतं. म्हणून कॅलथ्रॉपनं माल हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळ टाकला आणि जाणकारांना बोलावून इंजिन-डबे त्यावर चालवून दाखवले.

चार बोटं हे मी हवेत म्हटलेलं नाही. या भागात जुन्या नॅरोगेजच्या रुळाचे तुकडे आजही सापडतात. कुठे कुंपणाचा खांब झालेले, कुठे गोठ्याच्या छपराला आधार दिलेले. अशा एका खांबाला मी हात लावून पाहिला. माझी चार बोटं आडवी धरली की रुळाची उंची संपते. माथा दोन बोटांचाही नाही. एका कडेला तो घासून चकचकीत झालेला होता आणि त्या बाजूला पोलादाची धार किंचित आत सरकली होती. वळणावरच्या बाहेरच्या रुळाची अशी झीज होते, कारण चाकाची कड त्याला सतत घासत जाते. म्हणजे हा तुकडा सरळ मैदानातला नाही, कुठल्या तरी वळणावरचा. तो आता ज्वारीच्या शेताच्या कडेला काटेरी तार धरून उभा आहे.

बार्शीपर्यंतचं काम सोपं होतं, मुलूख बराचसा सपाट. पुढे बालाघाट. 1906-07 च्या सुमारास लाईन बार्शीहून पूर्वेला सरकत तडवळ्यापर्यंत गेली, 1911 साली लातूरला पोचली. येडशी हे या चढाच्या माथ्यावरचं गाव. पश्चिमेला पडलेला पाऊस सीनेला, भीमेला मिळतो. पूर्वेला पडलेला तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला. दोन मोठ्या खोऱ्यांमधला हा पाणलोट हलक्या रुळावरच्या गाडीला चढून यायचं होतं. आसाला पाच टनांची मर्यादा चढावर अडचणीची होते, कारण इंजिनाची पकड त्याच्या ओढत्या चाकांवरच्या वजनातून येते. वजन वाढवता येत नसेल तर चढ सौम्य करावा लागतो. म्हणून लाईन सरळ घाटाला भिडत नाही. डोंगराच्या कुशीला लागून, प्रत्येक ओघळीला वळसा घालून, हळूहळू उंची कमावत ती वर येते. जुन्या वाटेवरून चालताना पायांना चढ फारसा जाणवत नाही आणि तरी मागे वळून पाहिलं की बार्शीकडचा मुलूख खूप खाली राहिलेला असतो. त्या आखणीचं सगळं कौशल्य या न जाणवणाऱ्या चढात आहे.

ही वाट तुमच्यातल्या ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एका मोरीपाशी थांबवतो. भरावाखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी ठेवलेली ही लहानशी वाट. इथल्याच काळ्या दगडाचे घडीव चिरे. प्रत्येक चिऱ्याच्या दर्शनी तोंडावर टाकीच्या तिरप्या खुणा आहेत, सगळ्या एकाच दिशेच्या. सांध्यात चुना, आणि सांधा इतका बारीक की त्यात चाकूचं पातं मुश्किलीनं शिरावं. वरून शंभर वर्षं गाड्या गेल्या, खालून शंभर पावसाळे गेले आणि एकही चिरा हललेला नाही. ओढ्याच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे तिरप्या भिंती आहेत. पुराचं पाणी भरावावर आदळू नये, मोरीच्या तोंडात वळावं, यासाठी. पाण्याची वाट आधी ओळखायची आणि मग आपली वाट बांधायची, हे ज्यानं केलं त्याला या ओढ्याचा पावसाळा माहीत होता.

दख्खनमधली रेल्वेची दगडमातीची कामं बहुतांश वडार समाजाच्या हातून झाली. खोदाईच्या कातळावर सुरुंगाच्या पहारीची अर्धी नळी अजून दिसते. ती पहार कुणी धरली आणि घण कुणी मारला, हे कंपनीच्या कागदांत सापडत नाही. कॅलथ्रॉपचं नाव राहिलं, आणि राहायलाच हवं होतं. पण टाकीची ती तिरपी खूणही सहीच आहे.

येडशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ही लाईन दोन राज्यांतून जायची. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, येडशी निजामाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात. मधे सरहद्द, सरहद्दीवर करोडगिरी. एकच गाडी, एकच डबा, पण घाट चढताना राज्य बदलायचं, जकात बदलायची, कचेरीची भाषा बदलायची. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत पलीकडे बार्शी तालुक्यात सत्याग्रहींची शिबिरं होती आणि अलीकडे रझाकारांची दहशत. या घाटाच्या दोन टोकांना दोन वेगळे देश होते म्हटलं तरी चालेल. ज्या तडवळ्याच्या स्टेशनला आपण कळंब रोड म्हणतो, त्या कसबे तडवळ्यात 1941 च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार-मांग वतनदार परिषद घेतली. या आडवळणाच्या मुलखात इतिहास घडत होता आणि त्या मुलखाला जगाशी जोडणारी मुख्य दोरी म्हणजे हा अडीच फुटी रूळ होता.

कुर्डुवाडीहून दुसऱ्या दिशेनं लाईन 1906 साली पंढरपूरला गेली आणि 1927 साली मिरजेला. त्याच 1927 मध्ये कॅलथ्रॉप वारला. लातूर ते मिरज मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारनं कंपनी विकत घेतली आणि ही लाईन मध्य रेल्वेत आली. कुर्डुवाडीचा तिचा कारखाना आजही मध्य रेल्वेचा कारखाना म्हणून चालू आहे. गाडी मात्र काळाबरोबर म्हातारी होत गेली. ‘छोटी गाडी’ म्हणून तिच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत: चढावर उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटायचे आणि पुन्हा डब्यात चढायचं, वारीच्या दिवसांत टपावर बसून पंढरपूर गाठायचं. या गोष्टी प्रेमाच्या आहेत, पण त्यामुळे ती गाडी म्हणजे एक गंमत होती असा ग्रह झाला. ती गंमत नव्हती. या मुलखाच्या ऐपतीत बसणारी पहिली नेटकी यंत्रव्यवस्था होती.

मग मोठी लाईन आली. लातूर ते उस्मानाबाद 2007 साली, उस्मानाबाद ते कुर्डुवाडी 2008 साली. जिल्ह्याच्या गावाला प्रथमच रेल्वे मिळाली आणि त्यासाठी लाईन येडशीहून दक्षिणेला वळवून धाराशिवमार्गे पांगरीला नेली. म्हणूनच रामलिंगचा जुना घाट मोकळा राहिला.

मोठ्या लाईनबद्दल माझी तक्रार नाही, आणि असूच शकत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, येडशी करत लातूरला पोचली. कॅलथ्रॉपच्या कंपनीनं जी दोन टोकं जोडली, त्याच दोन टोकांमधून ती धावली. एका टाकीत नुसतं पाणीच 50 टन. चार आसांवर वाटलं तरी आसाला साडेबारा टन, रिकाम्या टाकीचं वजन वेगळंच. पाच टनांच्या रुळावर हे शक्य नव्हतं. जुनं गणित ज्या काळासाठी मांडलं होतं तो काळ संपला होता. आज लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. आपल्या पोरांना तिथे पोलादावर काम करायचं आहे. त्यांना आपल्याच घाटातलं हे पोलादाचं गणित ठाऊक असायला नको का?

आता एक तुलना मांडतो, ती मला फार लागते. बार्शीच्या यशानंतर कॅलथ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन बांधली. गेज तेच, अडीच फूट. डोकं तेच. 1904 साली सुरू झाली आणि 1934 साली बंद पडली, चालली कशीबशी 30 वर्षं. पण बंद पडल्यावर रूळ उचलून त्या वाटेची पायवाट करण्यात आली, 1937 साली ती चालणाऱ्यांसाठी खुली झाली, आणि आजही लोक त्या दरीतून चालत जातात. आपल्याकडची लाईन शंभर वर्षांहून जास्त चालली आणि तिची वाट काट्यांत आहे. दुसरी गोष्ट अशी की याच अडीच फूट गेजच्या कालका-सिमला रेल्वेला 2008 साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्याच साली आपल्याकडे कुर्डुवाडीपर्यंतचं रुंदीकरण पुरं झालं. कुणाच्या मनातही आलं नाही की घाटातला एवढा तुकडा राखून ठेवावा.

काही ठिकाणी नॅरोगेजची इंजिनं चौथऱ्यावर ठेवतात, रंग देतात, ते चांगलंच. पण चौथऱ्यावरचं इंजिन मुलाला आकार दाखवतं, विचार दाखवत नाही. कॅलथ्रॉपचा विचार वाटेत आहे: अरुंद भरावात, सौम्य चढात, लहान मोरीत. तो चालतच वाचावा लागतो. म्हणून स्मारक करायचं तर या वाटेचंच.

ते अवघड नाही. रामलिंगचा हा परिसर 1997 पासून अभयारण्य आहे, सुमारे 22 चौरस किलोमीटरचं. तिथे सिमेंट ओतता येत नाही, आणि ओतूही नये. वाटेवरची काटेरी झुडपं काढावीत, मोऱ्यांच्या तोंडातला गाळ काढावा, पिंपळाची मुळं चिऱ्यांत शिरली असतील तर ती वेळीच कापावीत. वन खात्याच्या देखरेखीखाली शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा तिथे चालवत न्यावं. रूळ कुणाकडे असतील तर दोन तुकडे मिळवून अडीच फुटांवर मांडावेत, शेजारी आजच्या रुळाचा एक तुकडा ठेवावा. फरक मुलं स्वतः हातानं मोजतील. आणि पाटी लावायची तर तिच्यावर मान्यवरांची नावं नकोत. आसाला पाच टन, सहा आस, तीस टन, एवढं गणित मोठ्या अक्षरांत लिहावं.

दुसरं काम घरातलं आहे. या सभागृहात अशी कुटुंबं आहेत ज्यांचे आजोबा-पणजोबा या लाईनीवर गँगमन होते, कीमन होते, पॉइंट्समन होते, कुर्डुवाडीच्या कारखान्यात फिटर होते. कुणाच्या ट्रंकेत पितळी बिल्ला असेल, कुणाकडे हातकंदील, कुणाकडे पगाराची चिठ्ठी किंवा जाड पुठ्ठ्याचं जुनं तिकीट. ते विकू नका, भंगारात देऊ नका. तेरला, इथून जवळच, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगर नगरीच्या वस्तू तिथे जपल्या आहेत, कारण एका माणसानं त्या एकेक करून गोळा केल्या. त्या काळी तगरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. तेरपासून येडशीपर्यंत मालवाहतुकीची ही परंपरा दोन हजार वर्षांची आहे, तिच्या मधल्या शंभर वर्षांचा पुरावा तुमच्या ट्रंकेत आहे. पुढच्या महिन्यात शाळेत एक दिवस ठरवा, प्रत्येकानं आपली वस्तू आणावी, मुलांनी वहीत नोंद करावी: वस्तू कोणती, कुणाची, त्यांचं काम काय होतं, कोणत्या स्टेशनावर होतं. पहिल्या पानावर आधी गँगमनची नावं लिहा, कारण ती दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळायची नाहीत.